वाडा उतरवताना हस्तिदंती करंडा सापडला. वन खात्याकडे द्यायचा कसा?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, पण अर्धवट सांगितला तर सल्लाही अर्धवट मिळेल, म्हणून सगळं सांगते.

जुन्या नाशकात आमचा वाडा आहे. मागची भिंत दोन पावसाळे टेकू देऊन धरली होती, यंदा चुलत भावंडांनी बसून उतरवायचं ठरवलं. काल माडीवरच्या खोलीतली आजीची शिसवी पेटी उघडली. कुलूप गंजून गेलं होतं, सुताराने कोयंडाच काढला. वर दोन नऊवारी, ताम्हन, पळी, कुठल्याशा लग्नाची यादी. तळाशी धडप्यात गुंडाळलेल्या तीन वस्तू: सारीपाटाचे दोन लांबट फासे, सोन्याच्या कोंदणातलं एक वाघनख आणि हस्तिदंताचा कुंकवाचा करंडा. वाघनख मला माहीत होतं, वडिलांच्या लहानपणीच्या फोटोत त्यांच्या गळ्यात आहे. करंडा पहिल्यांदाच पाहिला. तळहातात मावेल एवढा, रंग जुन्या तुपासारखा पिवळसर, झाकण आट्यांचं, त्यावर आठ पाकळ्यांचं कमळ. झाकण फिरवलं तर आत कुंकू. वाळून बुडाला चिकटलेलं, पण रंग तस्साच.

दुपारी जुने खांब-तुळया घेणारा एक व्यापारी आला होता. सागाच्या भावावर बोलणं चाललं होतं, त्याची नजर करंड्यावर गेली आणि लाकडाचा विषयच संपला. थेट चाळीस हजार म्हणाला. मी विचारलं, हे विकता येतं का? तर म्हणे, "कागद लागत नाही ताई. चिठ्ठीवर उंटाचं हाड लिहू. कोणी फारच खोलात गेलं तर मॅमथ म्हणायचं. मॅमथ कुठे जिवंत आहे?" मी गप्प राहिले तसा पन्नासवर आला. जाताना नंबर दिला आणि म्हणाला, गल्लीत आणखी कोणाच्या वाड्यात असं काही असेल तर कळवा, तुमचंही बघू.

रात्रभर ते "तुमचंही बघू" डोक्यातून गेलं नाही. म्हणजे हा माणूस आमच्या एका करंड्यासाठी आलेला नाही, त्याला पुढे गिऱ्हाईक आहे, आणि जुने वाडे संपले की ते गिऱ्हाईक नवा माल मागणारच.

माझी आजी सिंहस्थाच्या मिरवणुकीतल्या हत्तीची गोष्ट सांगायची. हत्ती दारावरून गेला की त्याच्या पायाखालची माती उचलून लेकरांच्या कपाळाला लावायची. तिला हा करंडा सासरी मिळाला असणार. तो कशाचा आहे हे तिला कळत होतं का, हे आता कोणाला विचारू?

विकायचा नाही हे माझं ठरलं आहे. पण घरात ठेवला तर गुन्हा होतो का? वन खात्यात घेऊन गेले तर माझ्यावरच केस होईल का? आणि त्या व्यापाऱ्याचा नंबर द्यावा का? वाड्याचं काम अर्धं झालंय, मजूर रोज येतात, तो माणूस पत्ता ओळखतो. कोणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

सागवान

ताई, मी वन खात्यात तेहतीस वर्षं काढली. पेठ, सुरगाणा, शेवटी इगतपुरी. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण आमच्याकडे अशी माहिती दहा वर्षांनी येते, तेव्हा वस्तू कधीच गेलेली असते.

आधी हे करा: करंडा धुऊ नका, पुसू नका, गोदावरीत तर अजिबात सोडू नका. आणि कोणी तापवलेली सुई टोचून बघा म्हणालं तर ऐकू नका, त्याने वस्तूही बिघडते आणि पुरावाही.

ओळखायचंच असेल तर सराफाकडचं भिंग घ्या आणि करंडा उलटा करून उन्हात बुडाकडे बघा. सुळा आडवा कापला की त्यात बारीक वाकड्या रेषा एकमेकींना छेदत जाताना दिसतात, चटईची वीण असते तशी. त्यांना श्रेगर रेषा म्हणतात. हत्तीच्या सुळ्यात बाहेरच्या कडेजवळ या रेषांमधला कोन ११५ अंशांहून मोठा असतो, मॅमथच्या सुळ्यात ९० हून लहान. हाडात ही वीण नसते. तिथे बारीक काळसर ठिपके आणि चिरा दिसतात, रक्तवाहिन्यांच्या वाटा असतात त्या. प्लॅस्टिकवर रेघा काढलेल्या असल्या तर त्या एकसारख्या, समांतर असतात. वाघनखाबद्दल मी फोटोवरूनही सांगणार नाही. बाजारातली पुष्कळ नखं गुरांच्या शिंगातून किंवा खुरातून कोरलेली असतात. अखेरचा शब्द प्रयोगशाळेचाच.

आता नंबराबद्दल. नंबर द्याच.

कारण सांगतो. सुरगाण्याकडे असताना बिबट्याच्या कातडीची टीप आली होती. आम्ही आमचाच एक माणूस गिऱ्हाईक म्हणून पाठवला. तीन वेळा जागा बदलली त्यांनी. शेवटी गुजरातच्या हद्दीजवळ एका ढाब्यामागे युरियाच्या गोणीतून कातडी काढली. मीठ आणि हळद लावून घडी घातलेली, एका पंजाची नखं आधीच काढलेली. ज्याच्या हातात गोणी होती तो अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा. त्याला दोन हजार मिळणार होते. त्याच्यामागे कोण, हे त्याला खरंच माहीत नव्हतं. आम्ही पकडला तो पोरगा. ज्याच्याकडे पैसा होता तो कोणी मोटारीतून आलाच नाही. या धंद्यात जंगलातला माणूस सापडतो, मधला निसटतो. तुमच्याकडे आलेला माणूस मधला आहे, आणि तो स्वतःच्या पायांनी तुमच्या दारात आलाय.

मांडुळाचंही तेच. आपल्या जिल्ह्यात गुप्तधनाच्या नादाने मांडूळ वजनावर विकत घेणारे कमी नाहीत. बरणीत, सॉक्समध्ये, एकदा तर शाळेच्या दप्तरात सापडलं. पकडले जातात ते शेतमजूर.

आणि हत्तीची गोष्ट म्हणाल तर एवढं लक्षात असू द्या: सुळ्याचा साधारण तिसरा हिस्सा कवटीच्या आत रुतलेला असतो. पूर्ण सुळा हवा तर हत्ती पाडून तोंड फोडावं लागतं. आपल्याकडच्या हत्तींत मोठे सुळे नरालाच. केरळातल्या पेरियारमध्ये सुळेवाले इतके मारले गेले की १९८०च्या दशकात शंभराच्या आसपास माद्यांमागे एक प्रौढ नर उरला होता. पिल्लं होणंच कमी झालं. हे आमच्या प्रशिक्षणात ऐकलं तेव्हा वर्गात कोणी बोललं नव्हतं.

रविवार कारंजा

ताईंचा हेतू चांगला आहे, पण मला पटत नाही. हत्ती शंभर वर्षांपूर्वी मेला, तो परत येणार आहे का? घरची, आजीची वस्तू. सरकारकडे दिली की कुठल्यातरी खोलीत कपाटात कुजणार. देवघरात ठेवा, कुंकू लावा, कोणाला सांगू नका. प्रामाणिक माणसालाच चौकशीचा त्रास होतो हे आपण सगळे बघतो.

कोर्टवाली

वरचा सल्ला मनापासून दिलेला असला तरी त्यावर चालू नका. मी नाशिकलाच वकिली करते, फौजदारी बाजू.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. हत्ती त्याच्या पहिल्या सूचीत, म्हणजे सर्वात कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, १९७७ साली आला. १९८६च्या दुरुस्तीने देशी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, १९९१च्या दुरुस्तीने आफ्रिकेतून आणलेल्या हस्तिदंताचाही. व्यापारी कोर्टात गेले, २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. त्याच वर्षी बलराम कुमावत खटल्यात मॅमथचा मुद्दाही निकालात निघाला. मॅमथ नामशेष असला तरी त्याचं हस्तिदंत या बंदीतून सुटत नाही. म्हणजे तुमचा तो व्यापारी जी पळवाट सांगतोय ती वीस वर्षांपूर्वीच बुजली आहे. आणि उंटाचं हाड लिहिलेली चिठ्ठी ही उद्या त्याच्यापेक्षा तुमच्याच विरुद्ध जाईल, कारण विकणाऱ्या तुम्ही.

आता ताब्याचं. ज्यांच्याकडे अशा वस्तू होत्या त्यांनी त्या जाहीर करून मालकी प्रमाणपत्र घ्यायचं होतं. राहून गेलेल्यांसाठी एप्रिल २००३ मध्ये १८० दिवसांची मुदत निघाली होती. प्रमाणपत्र असलेली वस्तू वारशाने मिळाली तर वारसाने ९० दिवसांत कळवायचं, आणि ती ठेवता येते, विकता मात्र येत नाही. म्हणून पहिलं काम, आजोबांचे कागद चाळा. प्रमाणपत्र मिळालं आणि वस्तू नको असेल तर २०२२च्या दुरुस्तीतल्या कलम ४२अ प्रमाणे सात कामकाजी दिवसांची सूचना देऊन ती सरकारजमा करता येते. मोबदला मिळत नाही.

प्रमाणपत्र नसेल तर वस्तू सरकारची मालमत्ता. अशी मालमत्ता हाती आली की ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्याला कळवायचं, असं कलम ३९ सांगतं. पेटी काल उघडली म्हणताय. आज अर्ज द्या, उद्यावर टाकू नका. कलम ५७ प्रमाणे ताबा कायदेशीर आहे हे दाखवायची जबाबदारी ज्याच्याकडे वस्तू सापडली त्याची असते. पहिल्या सूचीतल्या प्राण्यासाठी शिक्षा तीन ते सात वर्षं आणि किमान पंचवीस हजार दंड. हे घाबरवायला सांगत नाही. स्वतःहून, लेखी, वेळेत कळवणं हाच तुमचा सर्वात मोठा बचाव आहे, म्हणून सांगतेय.

वस्तू पिशवीत घालून स्वतः कार्यालयात नेऊ नका. शहर नाशिक पश्चिम वनविभागात येतं. उपवनसंरक्षकांच्या नावे अर्ज करा: पेटी कधी, कोणासमोर उघडली, काय सापडलं, येऊन पंचनामा करून ताब्यात घ्यावं ही विनंती. सुताराचं आणि मजुरांचं नाव घाला. एक प्रत प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव), नागपूर यांना. आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

रविवार कारंजा, दादा, तुमचा मुद्दा मी अशिलांकडून नेहमी ऐकते. पण २०२१ मध्ये आसामात सरकारने तिजोऱ्यांत साठलेली जवळजवळ अडीच हजार गेंड्याची शिंगं बोकाखातला जाहीरपणे जाळली. जप्त वस्तू पुन्हा बाजारात फिरू नये हाच त्यामागचा विचार. देवघरातला करंडा आज सुरक्षित आहे. पुढच्या पिढीत फ्लॅट घेताना कोणालातरी तो पन्नास हजारांना आठवेल.

पूजासाहित्य पंचवटी

मीही बोलतो, कारण माझ्याकडूनही चूक झालेली आहे.

रामकुंडाजवळ वडिलांपासून आमचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी उत्तरेकडचा एक माल पुरवणारा हत्थाजोडी आणून द्यायचा. बोटभर वाळलेली वस्तू, दोन हात जोडल्यासारखी, शेंदरात बुडवलेली, सोबत चार लवंगा, चांदीच्या रंगाची डबी. तो सांगायचा, विंध्यातल्या झुडपाची मुळी आहे. आम्हीही गिऱ्हाइकाला तेच सांगायचो. धंद्यात बरकत येते म्हणून दुकानदार दुकानदारालाच न्यायचे. मी माझ्या गल्ल्यातही एक ठेवली होती.

मग एक दिवस वन खात्याची माणसं दुकानं बघत आली. त्यातल्या एका बाईंनी डबी उघडून ती हातावर घेतली आणि म्हणाल्या, "काका, ही मुळी नाही. घोरपडीच्या नराचं लिंग आहे, वाळवलेलं." माझ्या हातातली उदबत्तीची पुडी खाली पडली. मी ते लक्ष्मीसमोर ठेवत होतो. त्यांनी सांगितलं की ते काढताना घोरपड बऱ्याचदा जिवंत असते. इंद्रजाल म्हणून चौकटीत लावून मिळतं तेही झाड नाही, समुद्रातलं काळं प्रवाळ आहे, आणि तेही पहिल्या सूचीत.

माझा माल त्यांनी नेला, जबाब घेतला. त्या वेळी राग आला होता. आता वाटतं, आणखी दहा वर्षं विकत राहिलो असतो. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. लाखो माणसं येणार, रस्त्यावर चादर टाकून विकणारे शेकड्याने येणार. आम्ही काही दुकानदारांनी ठरवलंय की कोणाकडे हत्थाजोडी दिसली तर १९२६ या वन खात्याच्या हेल्पलाइनवर कळवायचं. ताई, तुम्ही नंबर द्या. भीती मलाही वाटली होती.

सागवान

पूजासाहित्य, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. घोरपडीची ओली जोडी सोलताना मी पाहिलेली आहे, त्याबद्दल लिहवत नाही.

वकीलताईंच्या म्हणण्यात एक भर. वन्यजीवाच्या गुन्ह्यात पोलिसांचं आरोपपत्र लागत नाही, अधिकृत वन अधिकारी थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार दाखल करतो. सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरचा अधिकारी साक्ष नोंदवू शकतो, आणि आरोपीसमोर नोंदवलेली असेल तर ती खटल्यात ग्राह्य धरतात. हत्यार चांगलं आहे. पण केस पडते ती छोट्या गोष्टीत. लाखेचा ठसा पुसट, पंच फितूर, नमुना पाठवायला तीन महिने. म्हणून ताई, पंचनामा होताना पूर्ण वाचा. घाई केली तरी वाचा. वजन, माप, रंग, खूण, सगळं त्यात आलं पाहिजे.

गोदाकाठची

नऊ दिवसांनी लिहितेय. सगळ्यांचे आभार, विशेषतः कोर्टवाली ताईंचे. त्यांचा निरोप वाचला आणि त्याच दुपारी अर्ज टाईप करून देऊन आले. आवक शिक्का घेतला. आजोबांच्या कागदांत सात-बारा निघाले, रेशनकार्ड निघालं, १९६१च्या लाइटबिलाच्या पावत्या निघाल्या. प्रमाणपत्र नव्हतं.

सराफ बाजारातून ओळखीच्यांचं भिंग आणलं होतं. सागवान काका, तुम्ही सांगितलं तसं ओट्यावर उन्हात करंडा उलटा धरला. आधी काहीच दिसेना, मग जरा तिरका केला आणि कडेला ती वीण उमटली. चटईसारखीच. मी भिंग खाली ठेवलं आणि पाच मिनिटं तशीच बसले. तोवर मनात कुठेतरी वाटत होतं की हाड निघेल. फाशांवर मात्र बारीक काळे ठिपके होते.

तिसऱ्या दिवशी वनपरिक्षेत्र अधिकारी आल्या, सोबत वनपाल आणि दोन पंच. व्यवस्थित वागल्या, माझा जबाब बसून घेतला. वाड्यात टेबल नव्हतं, पेटीवरच कागद ठेवून लिहिलं. करंडा ८६ ग्रॅम भरला. फासे त्यांनाही हाडाचे वाटले, वाघनखाला उजेडात थर दिसतात म्हणाल्या, पण तिन्ही वस्तू वेगवेगळ्या सीलबंद करून नेल्या, तपासणीला जातील. सोन्याचं कोंदण काढायला चुलत भाऊ मागे लागला होता. त्यांनी नाही म्हटलं, आहे तशीच वस्तू हवी. तो थोडा रुसलाय.

नंबर दिला. त्याने काय काय बोललं ते शब्दन्शब्द जबाबात आहे, उंटाचं हाड, मॅमथ, "तुमचंही बघू" सुद्धा. पुढचं इथे लिहू नका असं मला सांगितलंय, म्हणून लिहीत नाही. रात्री झोप लागते एवढं सांगते. गल्लीत अजून चार वाडे उतरायचे आहेत, त्या घरांतल्या बायकांना मी स्वतः जाऊन भेटले. एकीने कपाटातून हस्तिदंती फणी काढून दाखवली. तिला हा धागा पाठवलाय.

पंचनामा मी पूर्ण वाचला, काका. वर्णनात लिहिलं होतं, "आतील बाजूस लाल रंगाची वाळलेली पूड". मी म्हटलं, मॅडम, ते कुंकू आहे. त्या म्हणाल्या, तपासणीआधी असं लिहिता येत नाही. मग माझ्याकडे पाहिलं, थोडा विचार केला, आणि त्याच ओळीपुढे लिहिलं, "अर्जदाराच्या सांगण्यानुसार कुंकू". दोन्ही पंचांच्या सह्या घेतल्या. मग झाकण फिरवून बंद केलं आणि वर लाख ओतली.